हाकारा

पारशी गेटच्या अलीकडे साडेसातलाच कठडा धरला.
विमानं बाराला. ऊन अजून इमारतींच्या पाठीमागे.
शेजारी आयव्हन तुस्कानो, वसईचा,
माझ्याच वर्षी सुटलेला, माझ्याच जीपमधला.
गळ्यात भाच्याचा कॅमेरा,
त्याला बोरा बाजारातून भाड्यानं आणलेली चारशेची लेन्स,
दिवसाचे नऊशे,
आणि अनामत म्हणून बायकोच्या सहीचा चेक,
जो तिला माहीत नाही.

एकतीस वर्षं सांताक्रूझच्या धावपट्टीवर
आमचं काम एकच होतं: पाखरं हाकलणं.
बार उडवायचे, पत्रा बडवायचा,
घसा फाटेस्तोवर हाऽऽ हाऽऽ करायचं.
जरीमरीकडे कुणी आतडी टाकली
की घारींची चक्री वर लागायची
आणि खाली दोन मिनिटांना एक विमान.
दोघांनाही वाऱ्याला तोंड देऊनच उतरायचं असतं,
ही खरी अडचण.

तरी व्हायचं कधी ते व्हायचंच.
मग मी जायचो पिशवी घेऊन.
पिशवीवर वेळ, वारा, विमानाचा नंबर.
पाखराच्या नावाला एक रकाना असे.
पुष्कळदा त्यात लिहावं लागे:
ओळखता येत नाही.

म्हणून हे खूळ.
एकाच फोटोत दोघं हवीत.
दोघंही शाबूत.

आयव्हन म्हणतो, घारीला दोन हजारावर ठेव,
नाहीतर पंखांची बोटं पुसट येतात.
हेलिकॉप्टरला मात्र अडीचशे,
जास्त ठेवलंस तर पाती थिजतात,
दोऱ्याला टांगलेलं खेळणं दिसतं.
आणि दोघं एकदम आली तर?
त्यानं संत्रं सोललं, एक फोड मला दिली.
म्हणाला, तुझी सगळी नोकरी त्यात गेली,
तूच सांग.

साडेअकरापर्यंत कठड्यावर माणसांची तिहेरी रांग.
कुणी कुरवांना गाठी फेकत होतं.
वारा फिरला. जमिनीवरून जाणारा
आता समुद्रावरून तोंडावर येऊ लागला.
हेलिकॉप्टरं आली, मोराच्या रंगात रंगवलेली,
कुरव सगळे एकदम उठले,
मी तीसेक फोटो काढले, सगळ्यांत
पुढच्या गृहस्थाची टोपी.

मग नरिमन पॉइंटकडून नऊ.
आवाज मागून, विमानं आधी.
आणि वाळकेश्वरच्या अंगानं ती निघाली,
एकटी, पंख न हलवता,
वायव्येला तोंड करून,
नेमकी त्या नऊजणांच्या वाटेवर.

चौकटीत दोघं होती.
बोट बटणावर होतं.
आणि माझे हात वर गेले.
कॅमेरा छातीवर आदळला, मी टाळी मारली,
तोंडातून एकतीस वर्षांचा तो आवाज गेला
हाऽऽ
हाऽऽऽ
शेजारच्या बापाच्या खांद्यावरच्या पोराला वाटलं
जल्लोष असाच करतात.
त्यानं हात वर केले, मग त्याच्या बापानं,
मग कठड्याची अख्खी रांग हात वर करून
घारीला हाकलत होती
आणि विमानांना शाबासकी देत होती.

तिनं शेपटी जराशी तिरकी केली. बस.
नऊ तिच्या फार खालून, फार लांबून गेले.
लेन्स अंतरं जवळ आणते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल.
आयव्हन हसला नाही.
त्याचे हातही वरच होते.

छातीवरच्या धक्क्यानं एक फोटो निघालेला सापडला:
कठड्याची कड, संत्र्याचं साल,
कोपऱ्यात तिरंगी धुराचं शेवटचं टोक.
घार नाही, विमान नाही.

लेन्स परत केली. चेक फाडून खिशात टाकला.
रात्री जुन्या सवयीनं वही काढली.
बारा वाजून सतरा मिनिटं. वारा वायव्येचा, मध्यम.
पाखरू: घार, मादी असावी, डाव्या पंखात एक पीस कमी.
विमानं: नऊ.
पिशवी: लागली नाही.